विश्लेषण : क्लच नाही, मग शिकायचे काय? ऑटोमॅटिक कार नेमकी कशी चालवायची?

कल्याण-बदलापूर रस्त्यावर अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीजवळ पाळी सुटण्याच्या वेळी गाडी चालवणाऱ्याला डाव्या पायाचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. क्लच दाबायचा, पहिला गिअर टाकायचा, दहा फूट पुढे जायचे, पुन्हा क्लच. पुढे टँकर, डावीकडून रिक्षा, उजवीकडून दुचाकी. हेच काटई नाक्यावर, हेच शिळफाट्याला. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात नवी गाडी घेताना ‘या वेळी ऑटोमॅटिकच घेऊ’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते.

त्यापाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘त्यात शिकायचे काय? स्कूटरसारखीच तर आहे.’ हे निम्मेच खरे आहे. ऑटोमॅटिक गाडीत काम कमी होते, पण क्लचसोबत एक संरक्षणही निघून जाते. त्याची जागा नव्या सवयीने भरली नाही, तर सोपी वाटणारी हीच गाडी सोसायटीच्या आवारातही अपघात घडवू शकते. ही सवय कोणती आणि ती कशी लावायची, हे समजून घेऊ.

कुर्ल्याच्या अपघाताने कोणता प्रश्न पुढे आणला?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची ३३२ क्रमांकाच्या मार्गावरील बस भरधाव सुटली आणि पादचारी व वाहनांना धडकत गेली. सुरुवातीला सात जणांच्या मृत्यूची नोंद झाली. जखमींपैकी काहींचा नंतर उपचारादरम्यान मृत्यू झाला आणि हा आकडा नऊवर गेला.

ती बस इलेक्ट्रिक होती, म्हणजे तिला क्लच नव्हता आणि हाताने बदलायचे गिअरही नव्हते. आरटीओच्या पाहणीत ब्रेक व्यवस्थित असल्याचे सांगण्यात आले. चालकाचा आधीचा अनुभव मॅन्युअल गिअरच्या छोट्या बसचा होता. त्यामुळे मोठ्या, बिनक्लचच्या बसचे पुरेसे प्रशिक्षण त्याला मिळाले होते का, हा प्रश्न ऐरणीवर आला. चालकाच्या बाजूने बसमध्ये बिघाड असल्याचे म्हणणे मांडण्यात आले. दोष कोणाचा, हे न्यायालयात ठरेल. मात्र वर्षानुवर्षे मॅन्युअल गाडी चालवणाऱ्यालाही ऑटोमॅटिक वेगळी शिकावी लागते, ही गोष्ट या घटनेनंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर चर्चेत आली.

क्लच गेल्याने संरक्षण कसे जाते?

मॅन्युअल गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय एकदम दाबतो. डावा पाय क्लचवर जातो, इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. उजवा पाय चुकून अॅक्सिलरेटरवर पडला, तरी इंजिन नुसते गुरगुरते, गाडी फारशी पळत नाही. क्लच दाबायला विसरलात आणि ब्रेक लावला, तर गाडी आचका देऊन बंद पडते. नवशिक्याला तिचे बंद पडणे लाजिरवाणे वाटते, पण ते बऱ्याचदा त्याला वाचवते.

ऑटोमॅटिकमध्ये यातले काहीच होत नाही. इंजिन सुरू आहे आणि गिअर ‘डी’मध्ये आहे, तोवर गाडी पुढे जायला तयारच असते. तिला थांबवून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे ब्रेकवरचा उजवा पाय. तो पाय चुकून शेजारच्या पेडलवर पडला, तर मध्ये आडवे येणारे कोणी नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० ही गाडी ‘आपोआप पळते’ अशा तक्रारींनी गाजली होती. १९८९ मध्ये तेथील सरकारी यंत्रणेने अहवाल दिला. बहुतेक घटनांमध्ये ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेला, हे मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष त्यात होता. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पी’मधून हलूच द्यायचा नाही, ही कुलपासारखी सोय त्याच काळात रूढ होऊ लागली. आज तुमची गाडी ब्रेक दाबल्याशिवाय गिअर हलवू देत नाही, त्यामागे हा इतिहास आहे.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्याच असतात का?

नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या आत पाच वेगवेगळ्या यंत्रणा असू शकतात. त्यानुसार चालवण्याची पद्धतही थोडी बदलते. ह्युंदाई क्रेटा या एकाच नावाखाली तीन प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकले गेले आहेत. म्हणून शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक आहे ना?’ एवढेच न विचारता ‘कोणती ऑटोमॅटिक?’ हेही विचारावे.

एएमटी : यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लचही असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओने ही पद्धत सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली. वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, पंच यांतही ती मिळते. किंमत कमी, मायलेज चांगले. गिअर बदलताना मात्र क्षणभर थांबल्यासारखे वाटते आणि मान किंचित पुढे जाते.

टॉर्क कन्व्हर्टर : इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले कपलिंग असते. ताकद तेलामार्फत पोहोचते. त्यामुळे गाडी मऊ चालते आणि कोंडीत दमत नाही. ब्रेझा आणि अर्टिगामध्ये हा प्रकार आहे.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. लहान-मोठ्या होणाऱ्या दोन पुली आणि त्यांवर पट्टा असतो. स्कूटरमध्येही हेच तत्त्व वापरतात, त्यामुळे ‘स्कूटरसारखी’ हे वर्णन खऱ्या अर्थाने याच प्रकाराला लागू पडते. होंडा सिटीमध्ये हा प्रकार परिचित आहे.

डीसीटी : दोन क्लच असतात. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे गिअर पटकन बदलतो. पण रेंगाळत्या कोंडीत हे क्लच तापू शकतात.

इलेक्ट्रिक : बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बदलायचे गिअरच नसतात. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देऊ शकते. त्यामुळे पाय हलका ठेवण्याची सवय येथे सर्वांत महत्त्वाची.

पी, आर, एन, डी म्हणजे काय?

‘पी’ म्हणजे पार्क. यात गिअरबॉक्समधला एक छोटा लोखंडी खटका दात्यात अडकतो आणि चाके जखडतात. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘पी’ टाकायचा नाही, नाहीतर हा खटका घासतो किंवा तुटतो.

‘आर’ म्हणजे रिव्हर्स आणि ‘एन’ म्हणजे न्यूट्रल. ‘डी’ म्हणजे ड्राइव्ह, पुढे जाण्याचा नेहमीचा पर्याय. काही गाड्यांत त्याऐवजी ‘ए’ लिहिलेले असते.

‘एम’ म्हणजे मॅन्युअल. यात क्लच नसतो, पण कोणत्या गिअरमध्ये राहायचे ते तुम्ही अधिक-उणेच्या खुणेने ठरवता. काही गाड्यांत ‘एल’, ‘२’ किंवा ‘एस’ असतात. ‘एल’ आणि ‘२’ गाडीला खालच्या गिअरमध्ये धरून ठेवतात, ‘एस’ म्हणजे बहुधा जास्त जोराचा, म्हणजे स्पोर्ट पर्याय.

या अक्षरांचा क्रमही विचार करून ठरलेला आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबिल मॉडेलसोबत हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हा पुढे नेणारा ‘लो’ आणि मागे नेणारा रिव्हर्स शेजारी-शेजारी होते. हात थोडा जास्त सरकला की गाडी उलट दिशेला. १९६० च्या दशकात अमेरिकेने नियम करून पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये न्यूट्रल ठेवणे बंधनकारक केले. आजचा ‘आर, एन, डी’ हा क्रम त्यातून आला.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतो. त्यांच्या पार्किंगची पद्धत वेगळी आहे, ती पुढे येईल.

डावा पाय ठेवायचा कुठे?

डाव्या बाजूला पाय टेकायला जी जागा दिलेली असते, तिथे. आणि गाडी चालू असेपर्यंत तिथेच.

मॅन्युअलवरून आलेल्या चालकाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सिग्नल दिसताच डाव्या पायाने क्लच शोधणे. ऑटोमॅटिकचे ब्रेक पेडल बहुधा रुंद असते. डावा पाय नेमका त्याच्यावर पडतो आणि क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला जातो. गाडी जागीच थांबते आणि मागचा रिक्षावाला डिकीत घुसतो.

‘एका पायाने ब्रेक, दुसऱ्याने अॅक्सिलरेटर’ असेही करू नका. घाबरल्यावर दोन्ही पाय एकदम दाबले जातात. दोन्ही पेडलांना एकच पाय असेल, तर ब्रेकवर जाण्यासाठी अॅक्सिलरेटर सोडावाच लागतो. वर म्हटलेली नवी सवय ती हीच. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवायची आणि पंजा उजवीकडे वळवून अॅक्सिलरेटर दाबायचा. पायाचे घर ब्रेकवर, अॅक्सिलरेटरवर तो फक्त पाहुणा. पाय उचलून इकडून तिकडे नेण्याऐवजी टाचेवर फिरवला, की अंदाज चुकत नाही.

चप्पल किंवा सैल सँडल घालून चालवू नका. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका. ब्रेकखाली बाटली अडकणे कोणत्याही गाडीत धोक्याचे आहे, इथे तर सगळी भिस्त त्या एका पेडलवर आहे.

गाडी सुरू करून निघायचे कसे?

१) सीट अशी पुढे घ्या, की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही उजवा गुडघा थोडा वाकलेला राहील. सीटबेल्ट लावा.

२) गिअर ‘पी’मध्ये (एएमटी असेल तर ‘एन’मध्ये) आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे, हे पाहा.

३) उजव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून गाडी सुरू करा.

४) ब्रेक तसाच दाबून ठेवत गिअर ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये घ्या. हाताच्या अंदाजावर न राहता डॅशबोर्डवर कोणते अक्षर आले ते डोळ्यांनी पाहा. हे एक सेकंदाचे काम पार्किंगमधले कितीतरी ठोकर टाळू शकते.

५) आरसे पाहा, हँडब्रेक सोडा आणि मग ब्रेक हळूहळू सैल करा.

अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावताही टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गाड्या आपोआप हळू पुढे सरकू लागतात. बऱ्याच नव्या एएमटी, डीसीटी आणि काही इलेक्ट्रिक गाड्यांतही ही सोय असते. पहिला तास फक्त यावरच घालवा. मोकळ्या जागेत अॅक्सिलरेटर अजिबात न दाबता, केवळ ब्रेक सैल-घट्ट करून गाडी पुढे न्या, मागे घ्या, ठरवलेल्या रेषेवर थांबवा. सोसायटीत गाडी लावताना, अरुंद गल्लीत किंवा मंडईजवळ हेच कौशल्य लागते. सपाट पार्किंगमध्ये अॅक्सिलरेटरला स्पर्शच करायचा नाही, असा नियम घालून घेतला तर चुकीचे पेडल दाबण्याची शक्यता मुळातच कमी होते.

‘डी’मधून ‘आर’ किंवा ‘आर’मधून ‘डी’ करताना गाडी पूर्ण थांबलीच पाहिजे. वळवून घ्यायची घाई असताना चाके फिरत असतानाच गिअर ओढण्याची सवय गिअरबॉक्सला महागात पडते.

कोंडीत काय करायचे?

पुढच्या गाडीला चिकटून दर दोन फुटांनी सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्या आणि एकदम एक-दोन गाड्यांच्या लांबीइतके पुढे जा. एएमटी आणि डीसीटीमध्ये प्रत्येक वेळी सरकताना क्लच घासत असतो. तुमचा पाय दुखत नाही, म्हणून क्लच झिजत नाही असे नव्हे. अंतर ठेवल्यावर रिक्षा मध्ये घुसेल, हे मान्य. तरीही क्लच बदलण्याचा खर्च रिक्षाला पुढे जाऊ देण्यापेक्षा मोठा आहे.

थोडा वेळ थांबायचे असेल, तर ‘डी’मध्येच ब्रेक दाबून ठेवा. फाटकासारख्या ठिकाणी मिनिटभर किंवा जास्त थांबायचे असेल, तर ‘एन’ करा आणि हँडब्रेक ओढा. ‘डी’मध्ये असताना मोबाइल उचलायला वाकणे किंवा मागच्या सीटवरच्या मुलाकडे वळणे टाळा. अशा वेळी ब्रेकवरचा पाय नकळत सैल होतो आणि गाडी सरकते.

उड्डाणपुलाच्या चढावर गाडी मागे आली तर?

अंबरनाथ आणि बदलापुरात पूर्वेकडून पश्चिमेला जाणारे उड्डाणपूल आहेत. त्यांच्या चढावर कोंडी लागली, की मॅन्युअल चालवणारा हाफ क्लचवर गाडी धरतो. ऑटोमॅटिकमध्ये काही जण त्याच धर्तीवर अॅक्सिलरेटर थोडा दाबून गाडी चढावर तोलून धरतात. हे करू नका. एएमटी आणि डीसीटीमध्ये क्लच तापतो, वास येतो, काही गाड्यांत इशाऱ्याचा दिवा लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल तापते.

गाडी धरायचे काम ब्रेकचे. नव्या अनेक गाड्यांत हिल होल्ड असते. ब्रेक सोडल्यावर ती यंत्रणा दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवते, तेवढ्यात अॅक्सिलरेटर दाबायचा. ही सोय नसेल तर हँडब्रेक ओढा, अॅक्सिलरेटर हलका दाबा, गाडी पुढे ओढू लागल्याचे जाणवले की हँडब्रेक सोडा. जुन्या एएमटी गाड्या चढावर मागे येतात, त्यामुळे त्यांच्या मालकांनी ही पद्धत रिकाम्या चढावर दहा-वीस वेळा करून पाहावी.

घाट उतरताना ‘डी’ पुरेसा आहे का?

येथून सुट्टीचे रस्ते बहुधा घाटाकडेच जातात. वांगणी-नेरळमार्गे माथेरानचा चढ, मुरबाडमार्गे माळशेज, नाशिकला जाताना कसारा, पुण्याला जाताना बोरघाट.

उतारावर ‘डी’मध्ये पाय काढला, की अनेक ऑटोमॅटिक गाड्या इंधन वाचवण्यासाठी वरच्या गिअरमध्ये जातात. इंजिनाचा अडसर कमी होतो, वेग वाढतो आणि चालक सतत ब्रेक दाबत राहतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. नेरळ-माथेरान रस्त्यासारख्या तीव्र उतारावर हे फार लवकर होऊ शकते.

उपाय सोपा आहे. उतार सुरू होण्यापूर्वी ‘एम’मध्ये जाऊन दुसरा गिअर धरा. फारच उभा उतार असेल तर पहिला. ‘एल’ किंवा ‘२’ असेल तर तो वापरा. इंजिनाचा आवाज वाढेल, त्याची भीती नको. तो आवाज इंजिन गाडीला रोखत असल्याचा आहे. ब्रेक सतत घासत न ठेवता गरज असेल तेव्हा नीट दाबा आणि सोडा. पेट्रोल वाचते म्हणून उतारावर ‘एन’ करणे हा सर्वांत धोकादायक प्रकार. इलेक्ट्रिक गाडीत रीजनरेशनची पातळी वाढवा. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हा अडसर कमी मिळू शकतो.

बदलापूर-कर्जतसारख्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी स्वतःच खालचा गिअर घेते आणि मग वेग घेते. एएमटीत या दोन्हींमध्ये स्पष्ट जाणवणारा विलंब असतो. त्या क्षणावर भरवसा ठेवून समोरून येणाऱ्या ट्रकचा अंदाज बांधू नका. आधी ‘एम’मध्ये गिअर कमी करा, मग बाहेर पडा.

गाडी लावताना कोणता क्रम पाळायचा?

ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा. ‘एन’ करा, हँडब्रेक ओढा. ब्रेक किंचित सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ टाका आणि इंजिन बंद करा. उतारावर थेट ‘पी’ टाकून ब्रेक सोडला, तर गाडीचा सगळा भार त्या छोट्या खटक्यावर येतो.

एएमटीत ‘पी’ नसेल, तर ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, गिअर ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये असतानाच इंजिन बंद करा. तोंड चढाकडे असेल तर पुढचा गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ‘एन’मध्ये सोडलेली गाडी केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते.

इंजिन सुरू आणि गिअर ‘डी’मध्ये असताना ‘दोनच मिनिटे’ म्हणून दार उघडून उतरू नका. पुश-बटन गाड्यांत इंजिनाचा आवाज इतका कमी असतो, की गाडी सुरू आहे हेच विसरायला होते. इलेक्ट्रिक गाडीत तर आवाजच नसतो. गाडीत लहान मूल एकटे असेल आणि गाडी सुरू असेल, तर धोका आणखी वाढतो.

पावसाळ्यात आणि गाडी बंद पडल्यावर काय?

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती, हे या भागात कोणी विसरलेले नाही. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये, हा नियम सर्व गाड्यांना सारखाच. उथळ पाण्यातून जावेच लागले, तर ‘एम’मध्ये पहिला गिअर धरून एका संथ वेगाने बाहेर पडा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करू नका. इंजिनात पाणी गेले असेल तर तो एक प्रयत्न इंजिन मोडायला पुरतो.

बॅटरी उतरली तर चार जणांनी ढकलून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही. म्हणून जम्पर केबल डिकीत ठेवा. टोचन लावून ओढण्यापूर्वी गाडीची पुस्तिका पाहा. अनेक ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांची इंजिनाकडून किंवा मोटरकडून फिरणारी चाके रस्त्यावर ठेवून गाडी ओढली, तर गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होऊ शकते. अशा वेळी सपाट फळीची, म्हणजे फ्लॅटबेड क्रेन मागवा.

ऑटोमॅटिकसाठी वेगळे लायसन्स लागते का?

जपानमध्ये १९९१ पासून केवळ ऑटोमॅटिकपुरता वेगळा परवाना आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर चाचणी दिली, तर मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे दुचाकीसाठी गिअरची आणि बिनगिअरची अशी विभागणी आहे, कारसाठी नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना दोन्हींना चालतो. म्हणजे मॅन्युअलवर परवाना मिळवलेल्या माणसाला ऑटोमॅटिक येते का, हे कायदा तपासत नाही. ते स्वतःच तपासावे लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा भाग कल्याण आरटीओच्या, म्हणजे एमएच-०५ च्या कक्षेत येतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारी परवानाधारक हवा.

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. घरच्या ऑटोमॅटिकमध्ये शेजारी बसलेल्या काकांकडे तो नसतो. त्यांच्या हाताशी असतो फक्त हँडब्रेक. म्हणून शिकवणाऱ्याने गाडी निघण्याआधीच हँडब्रेक कुठे आहे ते पाहून ठेवावे. बटनाचा हँडब्रेक असेल, तर तो ओढून धरल्यावर बहुतेक गाड्या चालू स्थितीतही थांबतात. आपल्या गाडीत हे कसे होते, ते पुस्तिकेत वाचून घ्यावे.

गाडी अचानक पळू लागली तर?

पहिली गोष्ट, उजवा पाय जिथे असेल तिथून पूर्ण उचला. आपण ब्रेकच दाबतोय अशी खात्री वाटत असली तरीही उचला. मग ब्रेक शोधून पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. गाडी थांबत नसेल तर गिअर ‘एन’मध्ये ढकला. इंजिन किंचाळेल, पण चाकांना जोर मिळणार नाही. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा. धावत्या गाडीची चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होऊ शकते.

हा क्रम वाचून पाठ होत नाही, अंगवळणी पाडावा लागतो. नवी ऑटोमॅटिक घेतली असेल, तर पहिल्या आठवड्यात रिकाम्या जागेत हळू वेगात हे करून पाहा : पाय उचला, ब्रेक दाबा, ‘एन’ करा, थांबा. घरात जितके जण ती गाडी चालवणार आहेत, त्या प्रत्येकाकडून करून घ्या. २५ वर्षे मॅन्युअल चालवलेल्या वडिलांकडूनही.